मगदूम सरांच्या राईतला गुलमोहर

मगदूम सर कुणाच्याही घरी गेले की आधी अंगणातल्या झाडाला भेटतात आणि मग माणसांना. भेटतात म्हणजे लांबून नमस्कार नव्हे. चपला काढायच्या, तळहात खोडाला लावायचा, "मी बाळगोंडा आदगोंडा मगदूम, मूळ गाव मिरज तालुक्यात, सध्या मुक्काम मेढा," असं स्पष्ट सांगायचं आणि विचारायचं, "आत येऊ का?" घरातली माणसं तोवर चहाचे कप घेऊन दारात उभी असतात.

मी साताऱ्यात तिसऱ्या मजल्यावर फ्लॅट घेतला तेव्हा सर वास्तुशांतीला आले. झाड कुठंच दिसेना म्हणून दहा मिनिटं जिन्यात घुटमळत राहिले. शेवटी माझ्या बायकोनं बाल्कनीतला मनीप्लँट बाटलीसकट उचलून दारात आणून धरला. सरांनी त्याच्या एका पानाला दोन बोटं लावली आणि मगच उंबरा ओलांडला. जेवताना हळूच म्हणाले, "साळुंखे, बाटलीत किती दिवस ठेवणार त्याला? मातीत घाला. माणसासारखं राहू दे."

मेढ्याच्या शाळेत सर इतिहास शिकवायचे आणि मी चित्रकला. सर दहा वर्षांपूर्वी निवृत्त झाले, माझी बदली साताऱ्याच्या शाखेत झाली. पण मी दर वर्षी दोनदा त्यांच्याकडे जातो. का जातो, हे मी अठरा वर्षं कुणाला सांगितलं नव्हतं. आज सांगणार आहे, आणि लिहायला बसलो तर कानाच्या पाळ्या अजून गरम होतात.

सरांचा एक शब्द शाळेत प्रसिद्ध होता. "पुरावा?" मुख्याध्यापक म्हणाले, काल तुम्ही पाच मिनिटं उशिरा आलात, की सर शांतपणे विचारायचे, पुरावा? शिपाई म्हणाला पाणी संपलं, तर टाकीवर चढून बघायचे. एकदा आमच्या पीटीच्या सरांनी मलकापूरची आत्या वारली म्हणून दोन दिवस रजा टाकली. मगदूम सरांनी तेव्हा मात्र पुरावा विचारला नाही. ते सरळ मलकापूरला भेटायला गेले. आत्यांनी स्वतः चहा केला, वर पोहे खायचा आग्रह केला. सर परत येऊन स्टाफरूममध्ये एवढंच म्हणाले, "तुमच्या आत्यांची तब्येत आता बरी आहे." पीटीच्या सरांनी हे मनात ठेवलं. पुढचं सगळं तिथून सुरू झालं.

त्याच वर्षी उन्हाळ्यात सरांच्या पत्नी गेल्या. मूलबाळ नव्हतं. सर शाळेत यायचे, शिकवायचे, घरी जायचे. एकदा मिरजेला भावाकडे गेले असताना रद्दीच्या दुकानात त्यांना एक इंग्रजी पुस्तक सापडलं. कुणा गोऱ्या डॉक्टरच्या जुन्या सामानातलं असावं. विषय होता ड्रुइड. सरांनी ते तीनदा वाचलं आणि आम्हाला रोज मधल्या सुट्टीत ऐकवायला सुरुवात केली.

ड्रुइड म्हणजे फार पूर्वी इंग्लंड-फ्रान्सच्या बाजूला झाडांच्या राईत जमणारे पुरोहित. त्यांनी स्वतः काही लिहून ठेवलं नाही. त्यांच्याविषयी लिहिलं ते रोमन लोकांनी, म्हणजे शत्रूंनी. यावर सर बोट वर करायचे, "शत्रूनं लिहिलेलं चरित्र. आता हा पुरावा धरायचा का?" पुढं हजार-दीड हजार वर्षं सगळं सामसूम. मग तीनेकशे वर्षांमागं काही इंग्रज विद्वानांनी माळावरची दगडी वर्तुळं बघून ठरवलं की ही ड्रुइडांची देवळं. तेही चुकीचं निघालं, कारण दगड ड्रुइडांच्या कितीतरी आधीचे. त्यानंतर वेल्स नावाच्या डोंगराळ मुलखातला एक पाथरवट उठला. हा सरांचा सगळ्यात लाडका माणूस. दिवसा दगड घडवायचा आणि उरलेल्या वेळात कविता लिहायचा. स्वतःच लिहायचं आणि जुन्या पोथीत सापडलं म्हणून सांगायचं. एके दिवशी त्यानं लंडनमधल्या टेकडीवर खिशातले खडे काढून गोल मांडला, मधे उभा राहिला आणि म्हणाला, आमचे पूर्वज हेच करत होते. लोकांनी मानलं. पुढं शहरातल्या बड्या लोकांनी मंडळं काढली आणि खोट्या दाढ्या लावून जेवणावळी घातल्या. होता होता गेल्या शतकात शहरांना विटलेल्या काही माणसांनी हाच पसारा उचलून सूर्य, ऋतू आणि झाडं यांच्याशी जोडला, वर्षाचे आठ सण ठरवले आणि त्याचा एक साधा निसर्गधर्म झाला.

"म्हणजे पहिल्यापासून सगळं खोटंच की वो," पीटीचे सर म्हणाले.

"चुकीच्या रस्त्यानं का होईना, माणसं झाडापर्यंत पोचली," सर म्हणाले. "आपण बरोबर रस्त्यानं कुठं पोचलो?"

त्यांनी धर्म बदलला अशी गावात बोलवा झाली. सरांना त्याचं हसू यायचं. ते म्हणायचे, मी जैनच आहे. झाडाला जीव असतो हे मला आईनं सांगितलं, ड्रुइडांनी फक्त आठवण करून दिली. ही दोन मतं एकत्र नांदवताना त्यांची तारांबळ मात्र व्हायची. ड्रुइड लोक झाडावरचं बांडगूळ पवित्र मानून विळ्यानं कापत आणि खाली पांढरं कापड धरत, असं पुस्तकात होतं. आपल्याकडं आंब्यावर बांडगूळ भरपूर. सरांनी पितळी मुठीचा विळा आणला, पूजेचं पांढरं धोतर नेसले, आणि झाडाखाली उभं राहून आधी बांडगुळाची माफी मागायला लागले, कारण तोही जीवच. माफी चाळीस मिनिटं चालली. पण आंब्याच्या मालकांना हे फुकटातलं काम फार आवडलं. दोन महिने सरांना पंचक्रोशीतून बोलावणी येत होती.

खिशात खडे मात्र तेव्हापासून आजतागायत असतात. बारा खडे, कृष्णेच्या पात्रातले, त्यांच्या गावाकडचे. सर कुठं बसले की ते गोल मांडतात. मेढ्याच्या स्टँडवर बाकावर असा गोल मांडून बसले असताना एका कंडक्टरनं हात पुढं करून भविष्य विचारलं होतं. सर म्हणाले, "तुमची गाडी सुटायची वेळ झाली." ते खरं ठरलं.

आता माझी गोष्ट.

त्या दिवाळीच्या सुट्टीआधी पीटीच्या सरांनी स्टाफरूममध्ये टूम काढली. मगदूमला पुरावा पाहिजे ना सारखा? देऊ या पुरावा. मेढ्याच्या वरच्या अंगाला डोंगराच्या कुशीत एक मोडकळलेली राई होती. एक अनघड धोंडा आणि सात-आठ झाडं, बाकी सगळी सरपणाला गेलेली. त्या राईत आपल्याकडंही ड्रुइडांसारखाच विधी होत होता, असा एक जुना मोडी कागद करायचा आणि त्यांच्या हाती लागेल असा ठेवायचा. अक्षर कुणाचं चांगलं? साळुंख्यांचं.

मी नाही म्हणू शकलो असतो. म्हणालो नाही. मी नवा होतो आणि चारजणांत बसायला मिळतंय याचंच मला अप्रूप होतं. आणि खरं सांगायचं तर काम हातात घेतल्यावर मला ते आवडायला लागलं. मोडी मुळाक्षरांचा तक्ता मिळवला. कागद चहाच्या पाण्यात भिजवला, तव्यावर शेकला, राखेनं चोळला. बायकोचा बिडाचा तवा त्यात वाया गेला. मजकूरही मीच रचला. ज्या दिवशी सूर्य माघारी फिरतो त्या दिवशी समस्तांनी राईतल्या धोंड्यापाशी जमावे. आंबा, जांभूळ, हिरडा, गुलमोहर ऐसी झाडे लावावी. प्रत्येकाने एका झाडापुढे उभे राहून आपली एक चूक मोठ्याने सांगावी, बाकीच्यांनी त्याच्याकडे पाठ फिरवून उभे राहावे, मग झाडास पाणी घालावे. त्या दिवशी राईत कोणी खोटे बोलू नये. चूक सांगायचं कलम पीटीच्या सरांच्या सांगण्यावरून घातलं. मगदूम झाडापुढं उभा राहून चुका सांगतोय, हे त्यांना बघायचं होतं. कागदाच्या कोपऱ्यात जागा उरली होती, तिथं मी हिरड्याचं एक पान काढलं. ते कुणी सांगितलं नव्हतं.

सुट्टीनंतर सर जुने नकाशे झटकायला गेले आणि कपाटात नकाशाच्या मागं त्यांना तो कागद मिळाला. ते स्टाफरूममध्ये घेऊन आले, खिडकीपाशी धरून बराच वेळ बघत राहिले. आम्ही सगळे वह्या तपासत होतो, म्हणजे तोंडं लपवत होतो. ते आता विचारतील, पुरावा? असं मला वाटलं. त्यांनी विचारलं नाही. कागद घडी न करता फायलीत ठेवला आणि म्हणाले, "डिसेंबरात सूर्य फिरतो. कोण येणार?"

कुणी गेलं नाही. मी गेलो. पाप केलेला माणूस जागेवर फिरून येतो, तसा गेलो.

पहिल्या वर्षी आम्ही दोघंच. सरांनी पुस्तकातल्या बड्या लोकांसारखी दाढी हवी म्हणून सांगलीच्या नाटकाच्या कपड्यांच्या दुकानातून एक दाढी आणली होती. झाडाला पाणी घालायला वाकले तेव्हा ती बादलीत पडली आणि तो प्रश्न कायमचा मिटला. त्यांनी चार रोपं लावली, कागदात होती तीच, त्याच क्रमानं. दुसऱ्या वर्षी जवळच्या वाडीतले सुभेदार दादा आले. पलटणीतून निवृत्त झालेले, हातात सदा झाडू किंवा कुदळ. मग त्यांच्या घरच्या बायका आल्या. मग कुणाकुणाचे पाहुणे. चूक सांगायची पद्धत लोकांना एवढी मानवली की वर्षातनं एकदा पुरेना, म्हणून जूनमध्ये सूर्य पुन्हा फिरतो तेव्हाही जमायला लागले. प्रत्येकजण एक रोप घेऊन यायचा. आज त्या राईत माणूस दिसेनासा होतो. झाडांची खातीही ठरून गेली आहेत. सासू-सुनांची भांडणं जांभळीला, बांध कोरल्याचं आंब्याला. दोन भावांनी एकाच दिवशी एकाच आंब्याला एकच बांध सांगितला आणि घरी एका गाडीवरून गेले, हे मी डोळ्यांनी पाहिलंय.

आणि मी? मी दर वर्षी जायचो, जांभळीपुढं उभा राहायचो आणि सांगायचो, दूध उतू गेलं. किंवा लाइटचं बिल भरायचं राहिलं. गुलमोहराकडं मी बघायचोही नाही. एक गोष्ट मला कळायची नाही. सर बाहेरून आलेल्या झाडांच्या बाबतीत भयंकर कडक. कुणी निलगिरी आणली तर वाटेवरूनच परत. राईत सगळं इथलं, आणि मधोमध, धोंड्याच्या उजवीकडं, हा एक गुलमोहर. लोक विचारायचे. सर म्हणायचे, "कागदात आहे." मला वाटायचं, बिचारा माणूस माझ्या थापेवर किती विश्वास ठेवून बसलाय.

या डिसेंबरात सरांचा फोन आला. रविवारी सूर्य फिरतो. सांगलीच्या एका कॉलेजातून बाई येणार आहेत, मोडी वाचणाऱ्या. राईची गोष्ट कुठूनतरी त्यांच्या कानावर गेली. कागद बघायचाय त्यांना. तुम्ही या.

फोन ठेवला आणि मला पुढचं सगळं दिसायला लागलं. मोडी वाचणारी बाई तो कागद हातात घेईल आणि एका मिनिटात बाजूला ठेवेल. वाडीतले लोक, सुभेदार, बायका, सगळ्यांच्या देखत. जन्मभर पुरावा मागणारा माणूस अडुसष्टाव्या वर्षी म्हणणार काय? आणि लोक? ज्यांनी माझ्या थापेवर विसंबून मन मोकळं केलं, ते पुन्हा त्या राईत पाऊल ठेवतील का? बायकोला सांगितलं. ती म्हणाली, "आधी जाऊन सांगा. तव्याचंही सांगा."

शनिवारी सकाळच्या एसटीनं मेढ्याला उतरलो. सरांच्या दारात सोनचाफा आहे. सवयीनं चपला काढून खोडाला हात लावला आणि माझं नाव काही तोंडातून निघेना. सर ओट्यावरून बघत होते.

"सर, मला सांगायचंय काहीतरी."

"चूक आहे का?"

"हो."

"मग मला कशाला सांगताय? पद्धत ठाऊक आहे की तुम्हाला."

ते काठी घेऊन निघाले. मी मागून. राईत सुभेदार दादा उद्यासाठी झाडून काढत होते.

"आवं, आज कसं काय गुरुजी? उद्या हाय की."

"यांची जरा घाईची आहे," सर म्हणाले.

सुभेदारांनी मला वरपासून खालपर्यंत बघितलं. "लय मोठी हाय व्हय? मोठी असंल तर हिरड्याला सांगा. पोट साफ हुतं." आणि झाडू घेऊन भल्या माणसासारखे लांब गेले.

सरांनी काठीनं गुलमोहर दाखवला. त्याला पाच-सहा काळ्या शेंगा लोंबत होत्या. सर माझ्याकडं पाठ करून धोंड्यावर बसले. मी सगळं सांगितलं. पीटीचे सर, चहाचं पाणी, तवा, मुळाक्षरांचा तक्ता, नकाशाचं कपाट. उद्या तुमची शोभा होईल, सगळी चूक माझी आहे, बाईंना मी सांगतो, हेही सांगितलं.

मागून आवाज आला, "पुरावा?"

"सर?" मी वळलो.

"कागद तुम्हीच लिहिला, याला पुरावा?"

मी म्हणालो, बिडाचा तवा घरी आहे अजून. त्यावर भाकरी चिकटते.

"हा बरा पुरावा आहे," सर म्हणाले आणि त्यांचे खांदे हलायला लागले. मला वाटलं रडतायत. ते हसत होते.

त्यांना पहिल्या दिवसापासून ठाऊक होतं. मोडी लिहिणारा आधी आडवी रेघ ओढतो आणि अक्षरं तिला खाली टांगतो. मी अक्षरं लिहून प्रत्येकाला वरून टोपी घातली होती. आणि गुलमोहर? मी कागद ज्या काळाचा दाखवत होतो त्या काळी गुलमोहराचं बी आपल्या देशात आलेलंच नव्हतं. ते लांब आफ्रिकेकडच्या बेटावरचं झाड.

"मग लावलात कशाला?"

"कागदात होतं म्हणून."

सरांनी खिशातले खडे काढून धोंड्यावर गोल मांडले. मग म्हणाले, "बदलीचा अर्ज लिहून तयार होता माझा. मिरजेकडं जाणार होतो. कागद मिळाला तेव्हा पहिल्यांदा राग आला. मग कोपऱ्यात ते हिरड्याचं पान बघितलं. एकेक शीर काढली होती तुम्ही. साळुंखे, चेष्टेला एवढ्या शिरा लागत नाहीत." आणि उठता उठता, "अठरा वर्षं दूध उतू गेल्याचं सांगताय. एवढं दूध कुणाच्या घरी उतू जात नाही."

उद्या येणाऱ्या बाईंचं काय, मी विचारलं. त्यांना सरांनी आधीच पत्रानं कळवलं होतं. कागद अठरा वर्षांपूर्वीचा आहे, बनावट आहे, पण राई खरी आहे, आणि लिहिणारा हयात असून रविवारी हजर राहील.

रविवारी राईत साठ-सत्तर माणसं होती. सरांनी सगळ्यांना कागदाची हकीकत सांगितली, न लपवता, माझ्याकडं हात करून. मला धरणी पोटात घेईल तर बरं असं झालं. सुभेदार दादांनी डोकं खाजवलं. "कागूद खोटा, बरं. पर माझा आनी धाकट्या भावाचा अबोला इथंच सुटला, त्यो तर खोटा न्हाई? का त्यो बी ह्या मास्तरनंच लिवला?" बायका हसल्या, आणि मग सगळेच. सांगलीच्या बाई कागद उन्हात धरून पानाच्या शिरा बघत होत्या. सरांनी माझी ओळख करून दिली, "हे आमचे पाथरवट." बाईंना काही कळलं नाही. मला कळलं.

मग लोक आपापल्या झाडापुढं गेले. आपली पाळी नसलेल्यांनी पाठ फिरवली. मीही फिरवली, पाण्याच्या बादलीजवळ, हातात तांब्या घेऊन. गुलमोहराशी कोण गेलं ते मला दिसत नव्हतं, पण आवाज ओळखीचा होता. आधी पूर्ण नाव, मूळ गाव, सध्याचा मुक्काम. मग:

"साळुंख्यांना मी अठरा वर्षं सांगितलं नाही की मला ठाऊक आहे. ते मनाला लावून घेतायत हे दिसत होतं. पण वाटायचं, सांगितलं की यायचे बंद होतील."

पद्धतीप्रमाणे मागं वळायचं नसतं आणि उत्तरही द्यायचं नसतं. मी तांब्या काठोकाठ भरला आणि न वळता मागं धरला. तो माझ्या हातातून गेला, आणि गुलमोहराच्या बुडाशी पाणी पडल्याचा आवाज आला.